शाळांचे येणे : प्रकल्प नोंदी, कोल्हापूर, २०२४-२५

२० सप्टेंबर २०२४

शाळांना शासनाकडून मिळायला हवे असलेले पैसे, म्हणजे त्यांचे येणे, मागण्यासाठी अर्ज आणि हिशेब नीट करून द्यायचे, हे आमच्या गटाचे काम. गणपती झाल्यावर आज सर्वजण एकत्र बसलो आणि या कामाची हद्द ठरवून घेतली. करवीर, पन्हाळा, गगनबावडा आणि हातकणंगले या चार तालुक्यांतील ज्या शाळांनी स्वतःहून विचारणा केली आहे, तेवढ्यांचेच काम यंदा हाती घ्यायचे. गटात निवृत्त मुख्याध्यापक आहेत, सीएची आर्टिकलशिप करणारी दोन मुले आहेत आणि लेखा विभागात उभी हयात घालवलेले काका आहेत. काकांनी पहिल्याच बैठकीत अट घातली की, शाळेचे जनरल रजिस्टर, रोकडवही, बँकेचे पासबुक आणि यूडायसचा, म्हणजे शाळांची व मुलांची माहिती ज्या शासकीय पोर्टलवर भरतात त्याचा, छापील अहवाल एकाच टेबलावर उघडून ठेवल्याशिवाय कोणत्याही शाळेसाठी अर्जाची एक ओळही लिहायची नाही. चारही कागद एकच गोष्ट सांगत नसतील, तर तो अर्ज त्रुटीत जाणार हे उघड आहे.

शाळांनी यापूर्वी स्वतः केलेले काही अर्ज वाचले. त्यांपैकी बहुतेकांची सुरुवात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले या उल्लेखाने होते, पुढे इमारतीची दुरवस्था येते आणि शेवटी ‘योग्य ती मदत मिळावी’ अशी विनंती असते. भावना रास्त आहे, परंतु अर्ज हाताळणाऱ्या लिपिकाला योजना, आर्थिक वर्ष, पात्र पट, दर, मागणीची रक्कम आणि मागील रकमेचे उपयोगिता प्रमाणपत्र यांखेरीज काही लागत नाही. महाराजांचा परिच्छेद आम्ही आदरपूर्वक काढला. ही मदत नसून येणे आहे, आणि येणे मागताना हिशेब पुढे करावा लागतो.

२७ सप्टेंबर २०२४

गगनबावडा तालुक्यातील एका वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत गेलो. पाऊस ओसरला असला तरी वर्गाच्या मागच्या भिंतीची ओल तशीच होती आणि कपाटातील रजिस्टरे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेली होती. मुख्याध्यापक बाईंनी ती सोडून टेबलावर मांडली. जनरल रजिस्टरप्रमाणे दाखल मुले एकतीस. यूडायसवर मात्र एकोणतीस.

या दोन मुलांच्या फरकाला समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेत चांगलीच किंमत आहे. २०१८-१९ पासून शाळा अनुदान, देखभाल अनुदान वगैरे वेगवेगळी शीर्षे जाऊन एकच संयुक्त शाळा अनुदान मिळते व ते पटाच्या टप्प्यांवर ठरते. तीस मुलांपर्यंत १०,००० रुपये, एकतीस ते शंभरपर्यंत २५,०००, एकशे एक ते अडीचशेपर्यंत ५०,०००, त्यापुढे हजारापर्यंत ७५,००० आणि हजाराच्या वर १,००,००० रुपये अशी त्याची कमाल मर्यादा आहे. म्हणजे या वाडीवर दोन मुलांची नोंद न झाल्याने वर्षाला १५,००० रुपयांचा फरक पडतो. खडू, वीजबिल, नळाची तोटी, कौले फिरवणे आणि स्वच्छतेवर करावयाचा किमान दहा टक्के खर्च हे सारे त्याच रकमेतून भागवायचे असते.

नोंद का झाली नाही, असे विचारल्यावर बाई म्हणाल्या, “दोघांचं आधार नाही हो सर. पोर्टल घेत नाही असं सांगितलं होतं.” कोणी सांगितले हे त्यांना आठवेना आणि आम्हीही ते शोधत बसलो नाही. आधार क्रमांक नसलेल्या मुलाचीही यूडायसवर नोंद करता येते. संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे मंजूर करण्याच्या, वेळी मात्र आधार वैध असलेलाच पट धरला जातो, आणि या दोन वेगळ्या गोष्टी शिक्षकांच्या बोलण्यात एक झालेल्या आहेत. त्यामुळे ‘आधार नाही तर मूल नाही’ असा समज वाड्यावस्त्यांवर रुजला आहे. लहान शाळेला तो सर्वांत महाग पडतो, कारण टप्प्याच्या काठावर असतात त्या लहान शाळाच.

दोन्ही मुलांची नोंद बाईंनी आमच्यासमोर केली. त्यांपैकी एकाचा जन्मदाखला आजोळच्या ग्रामपंचायतीत आहे. तो आणून आधार काढण्याची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांनी घेतली. ३० सप्टेंबरचा पट संचमान्यतेसाठी धरतात, तोवर आधार हाती येणार नाही. संयुक्त अनुदानात आजच्या दुरुस्तीचा परिणाम पुढील वर्षी दिसेल, मागच्या वर्षाचा फरक मिळणार नाही. हे बाईंना स्पष्ट सांगितले.

१६ ऑक्टोबर २०२४

काल विधानसभा निवडणुकीची घोषणा झाली आणि आचारसंहिता लागली. शिक्षकांपैकी अनेकजण मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून आधीच गुंतलेले आहेत, आता उरलेल्यांनाही प्रशिक्षणाचे आदेश निघतील. आचारसंहितेने नव्या घोषणांना आणि नव्या मंजुऱ्यांना आळा बसतो. चालू योजनेचे आधीच मंजूर असलेले देणे थांबत नाही. तरीही पुढील महिनाभर प्रत्येक टेबलावर हेच एक उत्तर मिळेल, असे गृहीत धरून त्या काळात शाळांच्या आतले काम उरकायचे ठरले.

त्यातले पहिले काम करवीर तालुक्यातील पंचगंगेकाठच्या एका शाळेचे. राजाराम बंधाऱ्यावर त्रेचाळीस फूट ही धोक्याची पातळी आहे आणि नदीने ती २०१९, २०२१ आणि यंदाच्या जुलैतही ओलांडली. २०२१ च्या पुरात या शाळेचे कपाट पाण्याखाली गेले. त्या आधीच्या दोन वर्षांची व्हाउचर लगदा झाली असल्याने उपयोगिता प्रमाणपत्र जोडता आले नाही आणि तेव्हापासून प्रत्येक प्रस्तावावर ‘मागील खर्चाचा हिशेब अप्राप्त’ असा शेरा पडत आला आहे. शाळेने त्यावर दरवर्षी पुराचे कारण लिहून कळवले, पण त्याला पुरावा जोडला नव्हता.

काकांनी मार्ग सांगितला. तलाठ्याने त्या वेळी केलेल्या पंचनाम्याची नक्कल मिळवायची, बँकेकडून त्या काळाचा खातेउतारा घ्यायचा, उताऱ्यातील प्रत्येक धनादेशापुढे ज्या दुकानदाराला तो दिला त्याच्याकडून बिलाची दुय्यम प्रत मागायची, आणि जे मिळणार नाही त्यासाठी समितीच्या सभेत ठराव करून तो इतिवृत्तात नोंदवायचा. लक्ष्मीपुरीतील एका स्टेशनरीच्या दुकानदाराने जुने बिलबुक शोधून प्रती काढून दिल्या. हार्डवेअरचे दुकान मात्र त्याच पुरात बुडाले होते, तेव्हा तिथे ठरावावरच भागवावे लागले. मुख्याध्यापकांनी रजिस्टरे आता माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत हलवली आहेत.

२८ नोव्हेंबर २०२४

निवडणूक संपली. आज हातकणंगले तालुक्यातील एका लहान विनाअनुदानित शाळेच्या प्रतिपूर्तीचा प्रस्ताव पाहिला. गटात या कामाविषयी एकमत नव्हते. खाजगी शाळेसाठी आपण का राबावे, असा काहींचा प्रश्न होता आणि तो गैर नाही. माझे मत असे की, बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १२ नुसार पंचवीस टक्के राखीव जागांवर आलेल्या वंचित व दुर्बल घटकांतील मुलांचा खर्च शासनाने द्यावयाचा आहे; तो रखडला की शाळा पालकांकडे ‘उपक्रम शुल्क’, ‘वह्यांचे पैसे’ अशा नावांनी हात पसरते आणि भार शेवटी त्याच घरांवर पडतो ज्यांच्यासाठी कायदा केला. म्हणून अट घातली की, या मुलांकडून कोणतीही रक्कम घेतलेली नाही, असे पालकांच्या सह्यांचे पत्र शाळेने आधी द्यावे. संस्थेने दोन दिवसांत ते दिले आणि एका पालकाचे घेतलेले पैसे परतही केले.

प्रस्तावात शाळेने सरसकट प्रतिविद्यार्थी १७,६७० रुपये मागितले होते. हा शासनाने ठरवलेला कमाल दर आहे. कायद्यानुसार शासनाचा प्रतिबालक खर्च आणि शाळेची प्रत्यक्ष फी यांपैकी जी रक्कम कमी असेल तीच देय ठरते. या शाळेची फी वर्षाला १२,००० आहे. म्हणजे मागणी १२,००० चीच हवी. जास्तीची मागणी केल्याने जास्त काही मिळत नाही, उलट संपूर्ण प्रस्ताव तपासणीत अडकून राहतो. करोनाकाळात हा दर ८,००० वर आणला होता, त्या काळची थकबाकी त्याच दराने मागायची हेही लिहून दिले. सवलतीच्या दरात जमीन घेऊन त्या बदल्यात मोफत जागांचे बंधन स्वीकारलेल्या शाळेला तेवढ्या जागांची प्रतिपूर्ती मिळत नाही. या शाळेची जागा खरेदीची असल्याने खरेदीखताची प्रत जोडून तो प्रश्न मिटवला.

संस्थेच्या सचिवांनी विचारले, शासकीय शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या खाजगी शाळांना यातून वगळले होते, त्याचे काय झाले? फेब्रुवारी २०२४ च्या त्या नियमबदलाला मुंबई उच्च न्यायालयाने आधी स्थगिती दिली आणि १९ जुलै रोजी तो रद्दच केला. जागा कायम आहेत, त्यांचे पैसेही देणे आहे.

१२ डिसेंबर २०२४

गाळप हंगाम सुरू झाला आहे आणि कारखान्याच्या आसपासच्या शाळांत नवी मुले दिसू लागली आहेत. पन्हाळा तालुक्यातील एका शाळेला लागून ऊसतोड मजुरांच्या पालांची वस्ती आहे. बीडकडून आलेल्या या कुटुंबांची सहा ते बारा वयाची मुले सकाळी फडावर न जाता शाळेत येऊन बसतात. गुरुजी त्यांना बसवून घेतात, जेवूही घालतात. परंतु त्यांची नावे गावाकडच्या शाळेच्या पटावर असल्याने इथल्या पोषण आहाराच्या रोजच्या ऑनलाइन नोंदीत ती धरता येत नाहीत. पट चव्वेचाळीस, पंगतीला बसणारी साठाच्या आसपास. “तांदूळ पुरतो कसा?” असे विचारल्यावर स्वयंपाकी मावशींनी पातेल्याकडे बोट दाखवले आणि म्हणाल्या, “आमटीत पाणी वाढतंय, दुसरं काय. पोरांना माघारी कसं लावायचं?” वर्गामागे चुलीशेजारी सरपणाची मोळी होती, ती पालावरच्याच एका बाईने आणून टाकलेली.

प्राथमिकच्या मुलाला रोज शंभर ग्रॅम आणि उच्च प्राथमिकच्या मुलाला दीडशे ग्रॅम धान्य हे प्रमाण आहे. शिजवण्याचा खर्च प्राथमिकसाठी ५.४५ रुपये आणि उच्च प्राथमिकसाठी ८.१७ रुपये होता, तो १ डिसेंबरपासून अनुक्रमे ६.१९ आणि ९.२९ रुपये केला आहे. वाढ स्वागतार्ह, पण ती नोंदलेल्या मुलालाच लागू होते. इथे साठांचे जेवण चव्वेचाळिसांच्या हिशेबात बसवले जाते, आणि त्यात स्थानिक मुलाचाही घास लहान होतो, ही गोष्ट कोणत्याच अहवालात दिसत नाही.

कायद्याने या मुलांचा इथे प्रवेशाचा हक्क आहे आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मग अडते कुठे? गावाकडच्या शाळेने यूडायसवरून नाव सोडले नाही तर इथे ते घेता येत नाही, आणि गावाकडची शाळा नाव सोडायला तयार नसते, कारण तिचाही पट घटतो. दोन्ही शाळा आपापल्या जागी बरोबर आहेत. आम्ही प्रत्येक मुलाचे नाव, वय, गाव, मूळ शाळा आणि यूडायसवरचा कायम शिक्षण क्रमांक माहीत असल्यास तो, अशी यादी केली आणि केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे दोन मागण्या केल्या. मूळ शाळेतील नाव कायम ठेवून हंगामापुरता आहार या शाळेत मंजूर करावा ही पहिली. ते शक्य नसेल तर मूळ शाळांना नावे सोडण्याबाबत कार्यालयानेच लिहावे ही दुसरी. अर्जाची पोहोच बारनिशीचा, म्हणजे कार्यालयातील आवक नोंदीचा, क्रमांक घालून घेतली.

३ जानेवारी २०२५

आज सावित्रीबाईंची जयंती म्हणून शाळांत कार्यक्रम होते, आम्ही त्याच शाळांत उपस्थिती भत्त्याची प्रकरणे चाळली. पहिली ते चौथीतील अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटक्या व विमुक्त जमाती आणि दारिद्र्यरेषेखालील मुलींना हजेरीच्या दिवसाला एक रुपया हा भत्ता १९९२ साली सुरू झाला आणि अजूनही तो एक रुपयाच आहे. त्यासाठी बँक खाते, दाखला आणि झेरॉक्स गोळा करण्यात पालकाचा एक दिवसाचा रोजगार बुडतो. जिथे कागद आधीच तयार आहेत तिथे मागणी पाठवली. जिथे नाहीत तिथे पालकांना धावाधाव करायला लावले नाही. येणे वसूल करायला येण्यापेक्षा जास्त खर्च होत असेल, तर त्याचा आग्रह धरण्यात शहाणपण नाही.

गणवेशाचा कारभार पुढील वर्षापासून पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय डिसेंबरात झाला. दोन गणवेशांना ६०० रुपये हा दर जुनाच आहे.

२६ जानेवारी २०२५

झेंडावंदनानंतर करवीर तालुक्यातील एका गावच्या ग्रामसभेस उपस्थित राहिलो. मुलींच्या स्वच्छतागृहाला दार नाही आणि पाणी नाही, ही शाळेची तक्रार गेली काही वर्षे शिक्षण विभागाकडे फिरत होती. पण या कामाचे पैसे गावातच होते. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीपैकी साठ टक्के रक्कम ग्रामपंचायतीला पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करता येते, आणि शाळेचे स्वच्छतागृह त्यात बसते. समितीच्या एका सदस्य वहिनींनी स्वतः उभे राहून मागणी मांडली. अधिनियमाप्रमाणे समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, पण कागदावरच्या महिला सभेत बोलताना मी फार थोड्या वेळा पाहिल्या आहेत. वहिनी थोडक्यात बोलल्या. “सहावी-सातवीच्या पोरी दुपारी घरी येत्यात आणि परत जात नाहीत. कारण सगळ्यांना ठाऊक आहे, सरपंचसाहेब.” काम आराखड्यात घेण्याचा ठराव झाला. ठरावाची प्रत आम्ही त्याच दिवशी मागून घेतली.

१८ फेब्रुवारी २०२५

मुख्याध्यापकांसाठी निम्म्या दिवसाचे प्रशिक्षण घेतले. विषय एकच होता, आलेले पैसे खर्ची कसे पाडायचे. जुन्या पद्धतीत रक्कम शाळेच्या खात्यात जमा होत असे आणि ती पुढे-मागे खर्च करता येई. २०२१ पासून केंद्राच्या योजनांचा पैसा राज्याच्या एकाच मध्यवर्ती खात्यात राहतो, शाळेचे खाते शून्य शिलकीचे असते आणि शाळेला मिळते ती फक्त खर्चाची मर्यादा. वापरलेली नसेल तर ती मर्यादा ३१ मार्चला संपते. पासबुकात शिल्लक शून्य दिसल्यामुळे ‘अनुदान आलेच नाही’ असे समजून बसलेले मुख्याध्यापक आज भेटले, आणि पीएफएमएस या शासकीय निधीच्या ऑनलाइन पोर्टलवर पाहिले तर त्यांच्या शाळेची संपूर्ण मर्यादा तशीच पडून होती.

मग प्रत्यक्ष एक देयक करून दाखवले. समितीचा ठराव, दरपत्रके, दुकानदाराची पोर्टलवर नोंदणी, एकाने भरायचे आणि दुसऱ्याने मान्य करायचे, त्यानंतर पीपीएची, म्हणजे बँकेला द्यायच्या छापील देयक-सूचनेची, प्रत काढून दोघांच्या सह्या आणि शिक्क्यासह बँकेत द्यायची. पीपीएची मुदत मोजक्या दिवसांची असते. ती उलटली की सारे पुन्हा करावे लागते. देयके आम्ही स्वतः भरून द्यावीत, अशी विनंती काहींनी केली. ती नाकारली. शाळेचा पासवर्ड बाहेरच्या माणसाच्या वहीत असणे हे कोणाच्याच हिताचे नाही, आणि आम्ही पुढच्या वर्षी असूच असेही नाही. त्याऐवजी शाळांच्या ज्या केंद्रात एका शिक्षकाला हे नीट जमते, तिथे त्याच्याकडे शेजारच्या शाळांनी एका ठरावीक शनिवारी दुपारी जमावे अशी सोय केली.

एका संस्थेच्या अनुदानित माध्यमिक शाळेने वेतनेतर, म्हणजे पगाराखेरीजच्या खर्चासाठीच्या, अनुदानाविषयी विचारले. ते २०१३ पासून पाच टक्के दराने पुन्हा सुरू झाले, परंतु आधार पाचव्या वेतन आयोगाच्या वेतनाचा, त्यामुळे हाती येणारी रक्कम आजच्या वीजबिलालाही अपुरी पडते. ती वाढवून मागणे हा धोरणाचा विषय आहे, आमच्या आवाक्यातला नाही. जेवढे मंजूर होते तेवढ्याच्या मागणीची तपासणी करून दिली.

२९ मार्च २०२५

यंदा वर्षअखेर अडचणीत आली. आज पाचवा शनिवार असल्याने बँका चालू होत्या. उद्या रविवारी गुढीपाडवा आणि सोमवारी रमजान ईद. रिझर्व्ह बँकेने शासकीय व्यवहार करणाऱ्या शाखा ३१ तारखेला चालू ठेवण्यास सांगितले आहे, पण गगनबावड्याहून येणाऱ्याने त्या भरवशावर राहू नये म्हणून सर्वांना आजचीच तारीख दिली होती. दुपारपर्यंत बँकेच्या काउंटरवर मुख्याध्यापकांची रांग होती. एका शाळेच्या पीपीएवर अध्यक्षांची सही नमुन्याशी जुळेना; अध्यक्ष गुऱ्हाळावर होते, त्यांना मोटारसायकलवरून आणले आणि हाताला काकवी लागलेली असल्याने आधी हात धुवायला लावून सही घेतली. दोन शाळांची देयके सर्व्हरमुळे अडकली, त्यांनी सोमवारी पुन्हा यावे असे ठरले.

११ एप्रिल २०२५

अडकलेल्या दोन शाळांपैकी एकीचे देयक ३१ तारखेला गेले, दुसरीची मर्यादा व्यपगत झाली. दुकानदाराने माल आधीच पोचवला आहे, त्यामुळे ही रक्कम नव्या वर्षाच्या मर्यादेतून द्यावी लागेल आणि तेवढे त्या शाळेचे पुढचे वर्ष आखूड होईल. नदीकाठच्या शाळेचा जुना हिशेब स्वीकारल्याचे पत्र आले. तिच्यावरचा शेरा निघाला आहे. स्वच्छतागृहाचे अंदाजपत्रक तयार झाले आहे, काम सुरू व्हायचे आहे.

ऊसतोड मुलांच्या अर्जावर लेखी उत्तर आलेले नाही. हंगाम संपून पाले उठली, मुलेही गेली. अर्जावर काय कार्यवाही झाली, याची माहिती माहितीच्या अधिकाराखाली आज मागितली असून उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. पुढील हंगामाची यादी दिवाळीपूर्वीच, टोळ्यांच्या मुकादमांकडून गावांची नावे घेऊन करायची आणि मूळ शाळांशी ऑक्टोबरातच पत्रव्यवहार सुरू करायचा, असे ठरले. हातकणंगल्याच्या शाळेच्या प्रतिपूर्तीचा प्रस्ताव त्रुटीविना पुढे गेल्याचे तोंडी कळले आहे. रक्कम जमा झालेली नाही.